झांबेझियाची तूर, लातूरचा भाव: आफ्रिकेच्या राजकीय अर्थकारणावर मूळ संशोधन कसं करावं आणि कुणापर्यंत पोचवावं

२०१७ च्या सुरुवातीला मराठवाड्यातल्या बाजार समित्यांच्या आवारात शेतकरी तुरीची पोती घेऊन दिवसेंदिवस रांगेत थांबले होते. त्याआधी डाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती, म्हणून पेरा वाढला. पाऊसही साथीला आला. बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर होता, पण बाजारात तूर त्याच्या खाली जात होती. त्याच वर्षी ५ ऑगस्टला केंद्र सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. त्या सुमाराला हिंदी महासागरापलीकडे, मोझांबिकच्या झांबेझिया आणि नांपुला प्रांतांत तुरीचा हंगाम चालू होता. तिथं तुरीला ‘फेजाँव बोएर’ म्हणतात आणि निर्यातीची तूर मुख्यतः भारतासाठीच निघते. तिथला भावही कोसळला.

गंमत नव्हे, खरा पेच पुढेच आहे. जुलै २०१६ मध्ये दोन्ही देशांनी डाळींच्या खरेदीचा करार केला होता. २०१६-१७ मध्ये एक लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर जायचं, असं ठरलं होतं. सरकारी करारांतली आयात ऑगस्टच्या मर्यादेतून वगळलीही होती. मग झांबेझियातल्या गुरुए जिल्ह्याच्या शेतकऱ्याला भाव का मिळाला नाही? कोटा होता तर तो कुणाच्या हातात होता?

आफ्रिकेच्या राजकीय अर्थकारणावरचं संशोधन असल्या प्रश्नांतून सुरू होतं. एम.ए.चा प्रबंध लिहिणारे, पीएच.डी. करणारे आणि महाविद्यालयांत शिकवताना स्वतःचं काम उभं करू पाहणारे तरुण माझ्याकडे येतात. ‘कुठं छापून येईल?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी त्यांना उलटं विचारतो, हे कुणाला सांगायचंय? त्याचं उत्तर ठरलं की बाकीच्या पायऱ्या बऱ्याच सोप्या होतात. म्हणून या लेखात मी तूर हेच एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जाणार आहे. तुम्ही तुमचा विषय घ्या: घानाचा कोको, झांबियाचं तांबं, केनियातलं मोबाइलवरचं कर्ज.

विषयाचा प्रश्न करा

‘भारत-आफ्रिका व्यापारसंबंध’ हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर लिहिता येईल आणि हाती काही लागणार नाही. राजकीय अर्थकारणाचा प्रश्न तीन गोष्टी विचारतो: फायदा कुणाला, निर्णय कुणाचा, तोटा कुणाच्या माथी. तुरीचं उदाहरण घेऊन प्रश्न असा बांधता येतो: ‘२०१६ च्या करारानंतर तुरीच्या निर्यातीचे परवाने कुणाला मिळाले आणि त्यामुळे झांबेझियातल्या शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात काय फरक पडला?’ यात काळ, जागा, माणसं आणि तपासता येईल अशी गोष्ट, सगळं आलं.

प्रश्न एका वाक्यात मावत नसेल तर अजून आठवडाभर थांबा. आणि तो प्रश्न मोझांबिकची राजधानी मापुतो इथल्या एखाद्या अभ्यासकाला पत्रानं कळवून पाहा. ‘हे तर आम्ही दहा वर्षांपूर्वीच केलंय’ असं उत्तर आलं तर तुमची दोन वर्षं वाचली.

आधी तिथल्यांचं वाचा

माझा पहिला लेख एका नियतकालिकाकडून परत आला. परीक्षकानं लिहिलं होतं: संदर्भसूचीत बेचाळीस नोंदी आहेत, त्यांत मोझांबिकचा एकही अभ्यासक नाही. मी ते वाचून बराच वेळ बसून राहिलो. ज्यांच्या शेतांवर लिहीत होतो, त्यांनी स्वतःबद्दल काय लिहिलंय हे मी उघडूनही पाहिलं नव्हतं. तेव्हापासून वाचनाची सुरुवात मी तिथूनच करायला सांगतो.

सेनेगलची राजधानी डकारमध्ये १९७३ साली कोडेस्रिया ही समाजविज्ञान संशोधनाची संस्था उभी राहिली. समीर अमीन तिचे पहिले कार्यकारी सचिव, पुढे थांडिका म्कांडाविरे यांनी ते पद सांभाळलं. मुंबईत जन्मलेले आणि कंपालात वाढलेले महमूद ममदानी नंतर तिचे अध्यक्ष झाले. तिचं ‘आफ्रिका डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. मोझांबिकसाठी मापुतोतली आयईएसई ही स्वतंत्र संशोधन संस्था आहे, २००७ पासूनची. टांझानियासाठी दार-एस-सलामची रेपोआ, अर्थशास्त्रासाठी नैरोबीची एईआरसी. आफ्रिकेत निघणारी शेकडो नियतकालिकं ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’वर एका जागी सापडतात.

मोझांबिकवर काम करायचं तर पोर्तुगीज वाचता आलीच पाहिजे. सहा महिने रोज तासभर दिलात तर सरकारी अहवाल शब्दकोश घेऊन वाचण्याइतकी येते. गोव्याच्या वाचकाला इथं एक पाऊल पुढे टाकता येईल. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, आणि पणजीच्या पुराभिलेखागारात त्या संबंधांचे कागद आहेत. काजू तर पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून दोन्हीकडे नेला.

काजूवरून आठवलं, आणि इथं थोडं थांबायला हवं, कारण संशोधन पोचवणं म्हणजे काय हे काजूच्या प्रकरणात फार स्पष्ट दिसतं. १९७० च्या सुमाराला मोझांबिक हा काजूच्या उत्पादनात जगातला आघाडीचा देश होता. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहावरून कच्च्या बियांच्या निर्यातीवरचा कर उतरवत नेला गेला. कच्चा माल मोकळेपणानं विकला की शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असा तर्क होता. गिऱ्हाईक मुख्यतः भारतीय कारखाने. मोझांबिकमधले कारखाने बंद पडत गेले आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळ बायका, घरी बसल्या. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा निव्वळ फायदा वर्षाला फार तर ५.३० डॉलर निघाला.

पण हा हिशेब विद्यापीठात मांडला जाण्याआधी मापुतोत तो वाद रस्त्यावर आणि वर्तमानपत्रांत झडत होता. कार्लोश कार्दोझु हे पत्रकार फॅक्सवरून ‘मेतिकाल’ नावाचं छोटं दैनिक काढत. काजूच्या कारखान्यांची बाजू त्यांनी त्यात सतत लावून धरली. बँकांतल्या घोटाळ्याचा पाठपुरावा करत असताना २२ नोव्हेंबर २००० रोजी त्यांचा खून झाला. फॅक्सवरची ती पानं वाचल्याशिवाय काजूचा इतिहास लिहिणं म्हणजे अर्धाच इतिहास लिहिणं. तुमच्या विषयातही असा पत्रकार, कामगार संघटना किंवा स्थानिक रेडिओ असेल. त्याला ‘दुय्यम साधन’ समजू नका.

सोबती सुरुवातीलाच गाठा

तिथला सहसंशोधक हवा आणि तो प्रश्न ठरतानाच हवा. प्रश्नावली तयार झाल्यावर ‘माहिती गोळा करायला’ माणूस शोधणं ही जुनी, वाईट सवय आहे. तो गावोगाव फिरतो, भाषा सांभाळतो, आणि लेखावर मात्र त्याचं नाव तळटीपेत येतं.

एक पानभर करार लिहून ठेवा: लेखकांची नावं कोणत्या क्रमानं येतील, विदा, म्हणजे गोळा केलेली माहिती आणि आकडे, कुणाकडे राहील, दोघांपैकी एकाला वेगळा लेख लिहायचा असेल तर काय, पोर्तुगीज आवृत्ती कोण करेल, पैसे कुणाच्या खात्यातून कसे जातील. मैत्री असली तरी लिहा. मैत्री असली तर जास्तच लिहा.

या सहकार्याचा एक नमुना आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. गोव्यात १९२४ साली जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात सामील झाले आणि स्वातंत्र्यानंतर मापुतोच्या एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठात त्यांनी १९७६ साली आफ्रिकी अभ्यास केंद्र उभं केलं. दक्षिण आफ्रिकेतून हद्दपारीत असलेल्या रूथ फर्स्ट तिथं संशोधन संचालक झाल्या. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जाणाऱ्या मोझांबिकी मजुरांवर त्यांनी विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना घेऊन गटानं संशोधन केलं. लोकांत जायचं, एकत्र विदा तपासायची, एकत्र लिहायचं. १७ ऑगस्ट १९८२ रोजी वर्णद्वेषी राजवटीनं पाठवलेल्या पार्सल बॉम्बनं त्यांचा केंद्रातल्या खोलीतच बळी घेतला. ब्रागांसा त्या वेळी तिथंच होते, ते जखमी झाले. चार वर्षांनी मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात तेही गेले. आफ्रिकेच्या मजुरांचा हिशेब मांडणं हे कुणाला तरी एवढं धोक्याचं वाटलं होतं, हे काम हाती घेताना आपल्याला माहीत असावं.

आकड्यांवर किती विसंबायचं

नोव्हेंबर २०१० मध्ये घानानं राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचं आधारवर्ष बदललं आणि अर्थव्यवस्था कागदावर एकदम सुमारे ६० टक्क्यांनी मोठी झाली. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाची ८९ टक्क्यांनी वाढली. त्या दिवशी लागोसमधल्या कुणाच्या ताटात एक घास वाढला नव्हता. मोझांबिकमध्ये तर २०१३-१४ साली सरकारी हमीवर काढलेलं कर्ज संसदेपासून लपवलं गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये ते उघडकीला आलं. एकूण आकडा दोन अब्ज डॉलरच्या घरात होता. त्याआधीच्या अहवालांतले कर्जाचे तक्ते वापरून लिहिलेले सगळे लेख त्या महिन्यात चुकीचे ठरले.

तेव्हा कुठलाही आकडा वापरण्याआधी तो कुणी, कधी, कशासाठी मोजला हे एका वहीत टिपून ठेवा. तुरीच्या बाबतीत मी पुढीलप्रमाणे जातो.

संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या विदासंचात तुरीचा सहा अंकी कोड ०७१३६० आहे. हा स्वतंत्र कोड २०१२ पासूनच मिळाला. त्याआधी तूर इतर कडधान्यांत मिसळलेली असे, म्हणून २०१० शी तुलना करायला जाऊ नका. मोझांबिकनं भारताकडे किती निर्यात केली आणि भारतानं मोझांबिककडून किती आयात केली, हे दोन्ही आकडे शेजारी मांडा. ते जुळणार नाहीत. भारताच्या आकड्यात जहाजभाडं आणि विमा धरलेला असतो, मोझांबिकच्या नसतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांचं जानेवारीला. त्यात मलावीची सीमा उघड्या कुरणासारखी आहे, तिथली तूर सायकलवरून मोझांबिकमध्ये येते आणि भावाच्या ओढीनं कधी मोझांबिकची तिकडेही जाते. हे सगळं वजा करूनही जी तफावत उरते, तिच्यात तुमच्या लेखाचा जीव असू शकतो.

भाव रुपयांत बदलताना वार्षिक सरासरी दर वापरू नका. २०१५-१६ मध्ये मेतिकाल हे त्यांचं चलन झपाट्यानं घसरलं, त्यामुळे महिन्याचा दर घ्या. नाहीतर शेतकऱ्याला मेतिकालमध्ये भाव वाढून मिळाला असं दिसेल आणि त्या पैशात साबण किती आला हे सुटून जाईल.

गावात जाण्याआधीचे कागद

टांझानियात संशोधनाला कोस्टेक या सरकारी आयोगाची परवानगी लागते, केनियात नाकोस्टीची. अर्ज वेळेवर करा आणि पर्यटक व्हिसावर मुलाखती घ्यायला जाऊ नका. पकडले गेलात तर तुम्ही परत याल, तुमचा स्थानिक सहकारी मात्र अडकेल. टांझानियाच्या सांख्यिकी कायद्यात २०१८ साली अशी दुरुस्ती झाली होती की सरकारी आकड्यांना खोडून काढणारी आकडेवारी छापणं गुन्हा ठरे. पुढच्याच वर्षी ती सैल केली. पण असे कायदे बदलत असतात, म्हणून निघण्याआधी सहसंशोधकाला सध्याची स्थिती विचारा.

मोझांबिकमध्ये ‘क्रेदेन्सियाल’ नावाचं पत्र म्हणजे तुमची ओळख. ते तिथल्या विद्यापीठाकडून किंवा संस्थेकडून घ्यायचं, मग प्रांत, जिल्हा, प्रशासकीय ठाणं अशा उतरंडीनं दाखवत जायचं, आणि शेवटी गावच्या ‘रेगुलु’ला, म्हणजे पारंपरिक प्रमुखाला, भेटायचं. यात दोन-तीन दिवस जातात. ते वाया गेले असं समजू नका. त्या बाकावर बसून प्रशासन कसं चालतं हे जेवढं कळतं, तेवढं अहवालांतून कळत नाही.

मुलाखतीसाठी लेखी सहीचा आग्रह धरू नका. १९७७ ते १९९२ एवढं लांब युद्ध पाहिलेल्या माणसाला अनोळखी कागदावर अंगठा उठवायला सांगणं त्याला घाबरवणारं असतं. तोंडी संमती घ्या, ती कशी घेतली याची नोंद ठेवा आणि आपल्या विद्यापीठाच्या नीतिसमितीला हे आधीच लिहून कळवा.

मोजमाप तिथल्याच भाषेत विचारा. शेतकरी तूर किलोवर मोजत नाही, ‘लाता’वर, म्हणजे पत्र्याच्या डब्यावर मोजतो. डब्याचा भाव विचारा, मग डबा स्वतः वजनकाट्यावर ठेवा, आणि हे एकाच नव्हे, चार-पाच गावांत करा. व्यापाऱ्याचा डबा आणि शेतकऱ्याचा डबा सारखा भरतो का हेही पाहा. आपल्याकडे पायली-शेराच्या मापात काय चालायचं हे ज्यांच्या घरी ऐकलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि साखळी टोकापर्यंत जोडा. गुरुएचा फिरता व्यापारी, नांपुलाचं गोदाम, नाकाला बंदर, न्हावा शेवा, लातूर-अकोल्याची डाळमिल. प्रत्येक टप्प्यावर किती वाढलं हे मांडलं की निम्मा लेख झाला. या साखळीचं दुसरं टोक आपल्याकडे आहे, आणि युरोपातून येणाऱ्या अभ्यासकाला ते सहज हाताशी येत नाही. मराठी अभ्यासकाची खरी ताकद इथं आहे. डाळमिलवाल्याशी मराठीत बोलून, आयातीची तूर कोणत्या महिन्यात आली की स्थानिक खरेदी तो थांबवतो, हे तुम्ही विचारू शकता.

लिहिणं आणि धाडणं

पहिला मसुदा आधी माणसांसमोर वाचा. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचं आफ्रिकी अभ्यास केंद्र १९७१ पासून आहे. आफ्रिकन स्टडीज असोसिएशन ऑफ इंडियाची अधिवेशनं असतात. मापुतोत आयईएसईच्या परिषदा होतात. मसुदा संशोधन-निबंध म्हणून आधी खुला करायचा असेल तर आफ्रिकेतल्या संशोधनासाठी २०१८ साली सुरू झालेल्या ‘आफ्रिकआर्काइव्ह’सारखी जागा आहे. मात्र ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवणार आहात, त्यांना आधी खुला केलेला मसुदा चालतो का ते पाहून घ्या.

नियतकालिक निवडताना एकच युक्ती: तुमच्या संदर्भसूचीत कोणतं नाव सर्वांत जास्त वेळा आलंय ते पाहा. तुमचं संभाषण तिथं चाललंय. वर्ग, भांडवल, श्रम यांच्या अंगानं लिहिलं असेल तर ‘रिव्ह्यू ऑफ आफ्रिकन पोलिटिकल इकॉनॉमी’. ते १९७४ साली सुरू झालं, रूथ फर्स्ट त्याच्या संस्थापकांपैकी एक. आफ्रिकी लेखकाच्या उत्तम लेखाला तिथं त्यांच्या नावानं पुरस्कार दिला जातो. २०२४ पासून मोठ्या प्रकाशन कंपनीची साथ सोडून ते सर्वांना मोफत वाचता येईल असं झालं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण एक लेख वाचायला तीस-चाळीस डॉलर मागणारी भिंत नांपुलाच्या शिक्षकासाठी बंद दारच असते. आकडेमोडीवर भर असेल तर ‘जर्नल ऑफ आफ्रिकन इकॉनॉमीज’, राजकारणावर असेल तर ‘आफ्रिकन अफेअर्स’ किंवा ‘जर्नल ऑफ मॉडर्न आफ्रिकन स्टडीज’. भारताचा धागा जाड असेल तर ‘इनसाइट ऑन आफ्रिका’, किंवा मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’.

सात दिवसांत छापतो, एवढे पैसे भरा, अशी मेल आली तर पुसून टाका.

बहुतेक ठिकाणी आठ ते दहा हजार शब्दांची मर्यादा असते. लेखातून स्वतःची ओळख काढा. ‘माझ्या आधीच्या लेखात’ असं राहून गेलं की परीक्षण निनावी राहत नाही. दुरुस्त्या मागितल्या तर आनंद माना, तो नकार नव्हे. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा डावीकडे, तुम्ही काय केलं ते उजवीकडे, असा तक्ता करून पाठवा. जे पटलं नाही ते का पटलं नाही हेही सभ्यपणे लिहा. नकार आला तर तीन दिवस लेखाकडे पाहू नका, मग दुरुस्त करून दुसरीकडे धाडा.

विदा उघडी करताना काळजी घ्या. एका जिल्ह्यात निर्यातदार तीनच असतील तर नाव पुसूनही कोण बोललं ते कळतं. अशा मुलाखती उघड करू नका, भावाचे तक्ते द्या. डब्यांची वजनं, टप्प्याटप्प्याचे भाव, तारखा, हे सगळं दुसऱ्या अभ्यासकाच्या कामी येतं.

परत नेणं

लेख छापून आला की पुष्कळांचं काम संपतं. मी विद्यार्थ्यांकडून आधीच कबूल करून घेतो की अनुदानाच्या अंदाजपत्रकात या टप्प्याचा खर्च धरायचा.

दोन पानी सारांश पोर्तुगीजमध्ये करा आणि जिल्ह्याच्या आर्थिक सेवा कार्यालयात, शेतकरी संघटनेत आणि ज्या ठाण्यांवर तुम्ही पत्र दाखवलं होतं तिथं द्या. दुसरा सारांश मराठीत, लातूरच्या बाजार समितीतल्या आणि शेतकरी संघटनांतल्या माणसांसाठी. दोन्हींत एक तक्ता सारखाच ठेवा: एका किलो तुरीमागे गुरुएच्या शेतकऱ्याला किती, बंदरावर किती, मिलमध्ये किती, दुकानात किती. झांबेझियाचा शेतकरी आपला भाव पाडतो असं इथं सर्रास ऐकू येतं. त्याच्या हाती किती पडतं हे पाहिल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, हे मी बैठकीत बसून पाहिलंय.

गावात मात्र कागद पुरत नाही. गुरुएच्या बाजूला लोम्वे बोलतात, नांपुलात माखुवा. सहसंशोधकाला त्या भाषेत दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करायला सांगा आणि सामुदायिक रेडिओला द्या. ते जूनच्या अखेरीस पोचलं पाहिजे. जुलैत काढणी सुरू होते आणि फिरते व्यापारी आपले डबे घेऊन गावात येतात.